चाचणीच नाही, तर रुग्ण कुठून दिसणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

करोनाकाळात मुंबई-पुण्याला झुकते माप मिळाले, असे म्हटले की ‘तिथे रुग्णच जास्त होते’ हे उत्तर ठरलेले. ते खोटे नाही. पण रुग्ण मोजले कसे गेले? मार्च २०२० च्या मध्यापर्यंत चाचणीची सोय राज्यात मुंबई, पुणे आणि नागपूर या तीनच शहरांत होती. मराठवाड्यात एकही प्रयोगशाळा नव्हती; औरंगाबादचे नमुने पुण्याला जात. चाचण्या कमी म्हणून आकडा कमी, आकडा कमी म्हणून वाटप कमी. या हिशेबात मागास भाग कागदावर नेहमी ठणठणीतच दिसणार.

बरे, आकडा फुगल्यावर तरी न्याय मिळाला का? एप्रिल २०२१ मध्ये नागपुरात खाटा मिळेनाशा झाल्या होत्या. तेव्हाच्या रेमडेसिविर वाटपात, नागपूरच्या निम्म्याहून कमी खाटा असलेल्या ठाण्याला नागपूरपेक्षा जास्त कुप्या गेल्या. शेवटी १९ एप्रिलला नागपूरसाठी दहा हजार कुप्या द्या, असा आदेश उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला काढावा लागला. (या औषधाच्या वापराविरुद्ध जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच शिफारस केली होती, हा भाग निराळा. डॉक्टरांनी चिठ्ठी हातात दिल्यावर नातेवाइकांनी करायचे काय?)

नागपूरला निदान खंडपीठ तरी आहे. सिरोंच्याहून जिल्ह्याचे ठिकाण गडचिरोली दोनशे किलोमीटरहून लांब. तिथला माणूस उपचारासाठी गोदावरी ओलांडून तेलंगणात जातो, त्याची तक्रार कुठल्या खंडपीठापुढे जाणार? मुंबईच्या नावाने बोटे मोडणाऱ्या आम्हा वैदर्भीयांनी हेही कबूल करावे, की नागपूरही गडचिरोली-मेळघाटाशी तसेच वागते. पुढे लसीकरणात १८ ते ४४ वयोगटाला मोबाइलवरून नोंदणी सक्तीची झाली, तेव्हा शहरातली मंडळी गाड्या काढून खेड्यांतल्या केंद्रांवर पोहोचली आणि गावकरी दारात उभे राहून बघत राहिले.

असमतोलाचा जाब विचारण्यासाठी घटनेच्या ३७१ (२) कलमाखाली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी १९९४ मध्ये विकास मंडळे नेमली गेली. त्यांचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे यावा, अशी तरतूद आहे. या मंडळांची मुदत संपली ती ३० एप्रिल २०२० रोजी, ऐन टाळेबंदीत. औषधे आणि प्राणवायू कुठल्या विभागाला किती, हे विचारायची वेळ आली तेव्हा विचारणारेच जागेवर नव्हते. २०२२ मध्ये त्यांच्या पुनर्रचनेचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला खरा, पण त्या दोन वर्षांतल्या वाटपाचा विभागवार हिशेब कोण मागणार?

शासनाने २०२० आणि २०२१ मधील चाचणी संच, प्राणवायू, रेमडेसिविर आणि लशींच्या वाटपाचे जिल्हावार तक्ते, ते कोणत्या निकषावर केले त्यासह, विधानसभेपुढे ठेवावेत, एवढीच मागणी आहे.

आपला,
एक वाचक, यवतमाळ