'रिलीफ पिचर' म्हणजे राखीव गोलंदाज नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेसबॉलच्या बातम्यांत 'रिलीफ पिचर'चं भाषांतर हमखास 'राखीव गोलंदाज' असं वाचायला मिळतं. रिलीफ पिचर म्हणजे सामना सुरू करणाऱ्या पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, जागी मध्येच उतरणारा. राखीव म्हणजे कुणी जायबंदी झालं तरच उतरणारा. मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगच्या, २६ जणांच्या संघात जास्तीत जास्त १३ पिचर ठेवता येतात. त्यांतले पाचेक सामना सुरू करणारे, बाकीचे सात-आठ रिलीफचे. निम्म्याहून जास्त पिचरना राखीव कसं म्हणायचं?

क्रिकेटची सवय इथे फसवते. बुमराहला दोन षटकं देऊन थांबवायचं आणि एकोणिसाव्या षटकात परत आणायचं, ही सोय बेसबॉलमध्ये नाही. एकदा काढलेला पिचर त्या सामन्यात पुन्हा चेंडू टाकत नाही. शिवाय २०२० पासून नव्या पिचरने किमान तीन बॅटर तरी खेळवायचे, नाहीतर चालू इनिंग (इथे सामन्याच्या नऊ भागांपैकी एक) संपवायची, असा नियम आहे. (दुखापत झाली तर गोष्ट वेगळी.) त्यामुळे कुणाला कधी उतरवायचं हे मॅनेजरला दोन-तीन बॅटर आधीच ठरवावं लागतं.

त्यासाठी बुलपेनमध्ये, म्हणजे रिलीफ पिचर बसतात आणि सराव करतात त्या जागी, फोन असतो. फोन आला की पिचर उठतो, हात मोकळा करतो, आधी हलके आणि मग पूर्ण जोराने वीसेक चेंडू टाकतो. तेवढ्यात आपल्याच संघाने चार धावा काढल्या की निरोप येतो, 'बस खाली'. दोन इनिंगनंतर पुन्हा उठायचं. हे चेंडू धावफलकात कुठेच दिसत नाहीत, पण कोपराला ते सगळे लागतात. आतल्या बाजूचा लिगामेंट फाटला तर 'टॉमी जॉन' शस्त्रक्रिया करावी लागते. डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये ती पहिल्यांदा केली. बहुधा रुग्णाच्याच मनगटाजवळचा स्नायुबंध काढून कोपराच्या हाडांत भोकं पाडून ओवतात. मैदानात परतायला वर्षाहून जास्त लागतं.

'सेव्ह' म्हणजे 'सामना वाचवला' एवढंच लिहून भागत नाही. १९६९ पासून ती अधिकृत नोंद आहे. जिंकलेल्या सामन्यात शेवटचा चेंडू आपण टाकायचा, विजय दुसऱ्या पिचरच्या नावावर हवा, आणि तीन किंवा कमी धावांची आघाडी हाती घेऊन निदान एक पूर्ण इनिंग निभवायची, हा त्यातला नेहमीचा प्रकार. आघाडी चारची असेल आणि बेस मोकळे असतील, म्हणजे त्यांवर प्रतिस्पर्धी धावपटू नसतील, तर तीच इनिंग टाकूनही सेव्ह नाही! आकडा विचित्र आहे खरा, पण क्लोजरचा, म्हणजे आघाडी राखायला शेवटची इनिंग टाकणाऱ्या पिचरचा, पगार बराच काळ त्यावरच ठरत आला.

न्यूयॉर्कच्या यांकीज संघाच्या मारियानो रिव्हेराचं उदाहरण घ्या. पनामातल्या मच्छीमाराचा मुलगा. १९९५ मध्ये आला तो सामना सुरू करणारा पिचर म्हणून. १९९६ मध्ये क्लोजरच्या आधीच्या इनिंग त्याने टाकल्या आणि १९९७ पासून तो स्वतः क्लोजर झाला. त्याच वर्षी त्याला कटर हा चेंडूचा प्रकार सापडला. साध्या फास्टबॉलचीच पकड, मधल्या बोटावर किंचित जास्त दाब. चेंडू सरळ येतो आणि अगदी शेवटी काही इंच पिचरच्या डावीकडे सरकतो. डावखुऱ्या बॅटरच्या बाबतीत तो बॅटच्या जाड भागाऐवजी मुठीजवळच्या बारीक दांड्यावर आदळतो आणि लाकूड मोडतं. १९९९ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे मोसमाच्या अंतिम मालिकेत, रायन क्लेस्कोच्या एकाच पाळीत तीन बॅट तुटल्या. २०१३ मध्ये मिनेसोटा ट्विन्सने त्याला निरोपाची भेट म्हणून तुटक्या बॅटींची खुर्ची दिली.

त्याचे ६५२ सेव्ह हा विक्रम. पण ७३२ संधींतले ८० सामने त्याच्याही हातून निसटले. हे आकडे नियमित मोसमाचे; २००१ च्या वर्ल्ड सीरिजचा सातवा सामना त्यांत नाही, तो वेगळाच: नववी इनिंग, २-१ अशी आघाडी, आणि बंट (बॅटने हलकेच ढकललेला चेंडू) उचलून सेकंड बेसला केलेला त्याचा स्वतःचाच थ्रो चुकला. यांकीज ३-२ ने हरले.

बहुतेकांच्या वाट्याला मात्र हे स्थैर्य येत नाही. ऑप्शन, म्हणजे खालच्या लीगमध्ये धाडण्याचा संघाचा हक्क, शिल्लक असलेल्या पिचरला एका मोसमात पाच वेळा तिथे धाडता येतं. सेवेचं एक वर्ष भरायला मेजर लीगमध्ये १७२ दिवस लागतात, आणि पगारवाढीपासून मुक्त खेळाडू होण्यापर्यंत सगळं त्या दिवसांवर ठरतं.

तेव्हा 'राखीव' काढा आणि 'रिलीफ पिचर', 'क्लोजर' तसेच ठेवा. 'गुगली' आपण कुठे बदलली?

आपला,
एक वाचक, पुणे