हजर होण्याच्या आदल्या रात्री

चि. निखिल यास आईचे अनेक आशीर्वाद.

नाशिकच्या दीक्षान्त संचलनात तुझ्या खांद्यावरचे दोन तारे पाहून मावशी रडली. मी तुझ्या हातांकडे पाहत होते.

उद्या तू पोलीस ठाण्यात हजर होशील. उपदेश करायचा नाही, असे ठरवूनच लिहायला बसले आहे. कोर्टात सव्वीस वर्षे मी रोजनाम्यात एक ओळ लिहीत आले: ‘पोलिसांविरुद्ध तक्रार नाही.’ साहेब विचारत आणि आरोपी उत्तर देण्याआधी मागे उभ्या असलेल्या शिपायाकडे पाहत असे. एकदा तुझ्याच वयाचा, दहावी झालेला एक मुलगा ‘नाही’ म्हणाला. पण वकीलपत्रावर सही करायला त्याला पेन धरता येईना, म्हणून त्याने अंगठा दिला. शाईचा पॅड मीच पुढे सरकवला होता.

छळाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर आपण १९९७ साली सही केली, पण त्याला अनुसमर्थन दिले नाही, म्हणजे तो स्वतःवर बंधनकारक करून घेतला नाही. २०१० चे छळ प्रतिबंधक विधेयक लोकसभेत संमत झाले, राज्यसभेच्या प्रवर समितीकडे गेले आणि २०१४ मध्ये ती लोकसभा विसर्जित होताच बाद झाले. विधी आयोगाने २०१७ च्या २७३ व्या अहवालात दिलेला मसुदाही कागदावरच राहिला. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० मध्ये कबुलीसाठी केलेल्या दुखापतीला सात वर्षांपर्यंत आणि जबर दुखापतीला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, परंतु ‘तुझ्या बहिणीला उचलून आणतो’ या धमकीला त्या कलमात जागा नाही. करारात मानसिक यातना हाही छळच आहे, आणि वरिष्ठांचा हुकूम ही सबब तिथे चालत नाही. कायदा होईपर्यंत तुझा हात... पुन्हा तेच. व्याख्यान झाले, राग मानू नकोस.

पोलिसांपुढची कबुली पुराव्यात चालत नाही, हे तू परीक्षेत लिहिलेच असशील; पण त्या जबाबावरून निघालेली जप्ती चालते, आणि मोह तिथेच असतो. कोठडीचा शेवटचा दिवस असेल, वरिष्ठ ‘रिकव्हरी कुठे आहे?’ म्हणतील, आणि कोपऱ्यात तो पट्टा टांगलेला असेल, ज्याला बाबांच्या वेळी ‘सत्यशोधक’ म्हणत आणि हसत.

त्या बदलीनंतर बाबांनी तुझ्यावर कधीच हात उगारला नाही, तू गणितात नापास झालास तेव्हाही नाही. का, ते तू कधी विचारले नाहीस आणि मीही सांगितले नाही. तुझा मला अभिमान आहे. तो आधी लिहायला हवा होता.

पोहोचलास की फोन कर. रात्रपाळी असेल तर सकाळी कर. मी काही विचारणार नाही. बहुधा विचारीनच.

तुझी,
आई