पिंगुळीच्या तात्यांना, आमच्या राईच्या वतीनं

तीर्थस्वरूप तात्या,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या घरीही पाठवता आलं असतं. पण तुम्ही आमच्या गावासाठी जे केलंत ते चारचौघांना कळावं, म्हणून उघडंच लिहितेय.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सिंधुदुर्गातल्या कुडाळजवळचं तुमचं पिंगुळी हे ठाकर आदिवासी कलाकारांचं गाव. चित्रं दाखवत कथा सांगायच्या चित्रकथीच्या पोथ्या, कळसूत्री बाहुल्या, पडद्यावर सावली पाडणाऱ्या चामड्याच्या बाहुल्या हे तिथलं वाडवडिलार्जित धन. सावंतवाडी संस्थानानं त्याला आश्रय दिला, देवळांनी मान दिला. २०२१ साली परशुराम गंगावणे यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा पुष्कळांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं.

आमच्याकडे देवळाच्या सभामंडपावर स्लॅब घालायचं ठरत होतं, आणि पैशांसाठी राईतली काही जुनी झाडं विकावीत असं बोलणं सुरू झालं होतं. राई, म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं रान, लहानच. किंजळ, सातवीण, बेहडे, त्यांवर चढलेले गारंबीचे वेल आणि खालच्या अंगाला झरा. आमच्या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी एप्रिल-मे आला की वाड्यांतून पाण्याची ओरड. सड्यावरचं, म्हणजे वरच्या कातळपठारावरचं पाणी जांभ्या दगडात थांबत नाही. राईतला पाचोळा आणि मुळं ते धरून ठेवतात, म्हणून आमचा झरा उन्हाळा काढतो. सभेत हे सांगून पाहिलं, पण कोणाला पटत नव्हतं.

तुम्हाला बोलावलं ते झाडं वाचवण्यावर एक नाटक बसवून द्या म्हणून. तुम्ही म्हणालात, आधी राईत चला. चपला बाहेर काढून नारळ ठेवलात आणि मग विचारलंत, गावात म्हातारी माणसं कोण कोण आहेत? राखणदाराच्या गोष्टी, राईतली पडलेली काटकीसुद्धा चुलीत घालायची नाही हा नेम, तो मोडणाऱ्याचं काय झालं, सगळं त्यांच्याच तोंडून काढून घेतलंत. आमच्या आज्यांना आपल्या बोलण्याचं आख्यान होईल असं तोवर कोणी म्हटलं नव्हतं. बाहेरून येणारी पथनाट्यं आम्ही पाहिली आहेत, ती आम्हाला शिकवायला येतात. तुम्ही आमच्याकडून शिकून घेतलंत आणि मग आमच्याच मुलांच्या हाती दिलंत.

बाहुल्यांसाठी बकऱ्याच्या कातड्यावर छिन्नीनं भोकं पाडताना पोरं घाई करायची. तुम्ही एवढंच म्हणायचात, "उजेडाक जावक वाट व्हयी." त्यातून जो धनेश पक्षी तयार झाला, तो पडद्यावर आला तेव्हा चोचीवरच्या शिंगासकट लखलखला. धनेशच का, हेही तुम्ही सांगितलंत. काजऱ्याची फळं माणसाला विषारी, पण तो ती खातो आणि बिया रानभर टाकतो. घरट्याला मात्र त्याला जुन्या झाडाची ढोलीच लागते. मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर बाहेरून चारा भरवतो. तुम्ही नेमका तोच प्रसंग उभा केलात. मादी आत बंद, नर फळ घेऊन येतोय आणि पडद्यामागून कुऱ्हाडीचा घाव. बायकांच्या बाजूनं "अगो बाय!" असा आवाज आला, तो मी विसरणार नाही.

आणि मग त्या धनेशानं गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, तुज्या रायीतलो झरो आटलो तर आमी पाणी खयसून हाडूचा?" पुढच्या रांगेतले गावकर सवयीनं "व्हय म्हाराजा!" म्हणाले, मग सगळा मांडव म्हणाला. देवापुढं जे शब्द आपण उच्चारतो ते गावानं बाहुलीपुढं उच्चारले. एवढं बळ मी दुसऱ्या कुठल्या रंगमंचावर पाहिलेलं नाही.

झाडं विकायचा विषय पुढच्या सभेत मागे पडला. एका मानकऱ्यानं बांबर्ड्याचा दाखला दिला. दोडामार्ग तालुक्यातल्या त्या गावानं देवराई म्हणून राखलेली रानजायफळाची दलदल २०२१ साली जैवविविधता वारसा स्थळ झाली आहे. स्लॅबचे पैसे आता चाकरमान्यांच्या वर्गणीतून जमतायत. काम रेंगाळेल, रेंगाळू दे.

एक गोष्ट मात्र मनात सलते. महोत्सवांत तुम्हाला पाहुणे येईपर्यंतची पंधरा मिनिटं मिळतात, असं तुम्ही बोलता बोलता सांगितलंत. जमिनीची इतकी जाण असलेल्या कलाकारांना वेळ भरून काढायला बोलावणं मला सहन होत नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कोणी मंडळ चालवत असेल, तर पिंगुळीच्या मंडळींना अख्खी रात्र द्या आणि मानधन आधी ठरवा.

तात्या, भातं झोडून झाली की आमची जत्रा आहे. आख्यान पुन्हा लावायचंय. धनेशाच्या डाव्या पंखाचा सांधा सुटलाय, पोरांनी दोऱ्यानं बांधलाय पण नीट हलत नाही. दोन दिवस आधीच या. वरच्या वाडीतल्या एका मुलीला हुडूक हे वाद्य शिकायचंय, तिला तुमच्याकडे पिंगुळीला पाठवलं तर चालेल का, तेही कळवा.

आपली,
राईच्या खालच्या वाडीतली एक लेक