जठराचे दार उघडल्यानंतरची वर्षे

संपादक महोदय,

जठर रिकामे होण्यास विलंब लावणाऱ्या गॅस्ट्रोपॅरेसिस या विकारावरील दुर्बिणीच्या उपचाराविषयी आपल्या आरोग्य पुरवणीत आलेला लेख वाचला. उपचाराचे वर्णन नेमके आहे. मात्र शीर्षकातील 'कायमची सुटका' हे शब्द खटकले.

जी-पोएम या प्रक्रियेत तोंडावाटे दुर्बीण घालून जठराच्या अस्तराखालून बोगदा केला जातो आणि जठराच्या तोंडाशी नव्हे, तर शेवटाशी असलेल्या पायलोरस या दाराचा स्नायू छेदला जातो. ती माणसावर प्रथम २०१३ मध्ये झाली, त्यामुळे दहा वर्षे उलटलेले रुग्णच मुळात थोडे. 'गट' (Gut) या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ मध्ये आलेल्या चाचणीत ४१ रुग्णांपैकी काहींवर खरी, तर काहींवर लुटुपुटूची प्रक्रिया करण्यात आली. ६ महिन्यांनी लक्षणे निम्म्याने तरी घटलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ७१ टक्के, तर दुसऱ्यात २२ टक्के होते. उपचारात तथ्य आहे हे यावरून दिसतेच. परंतु काहीही न छेदता बरे वाटलेले ते २२ टक्केही ध्यानात ठेवावे लागतात, कारण दीर्घकालीन निष्कर्ष मांडणाऱ्या बहुतेक अभ्यासांत तुलनेसाठी असा गटच नसतो. त्याच नियतकालिकातील एका बहुकेंद्री अभ्यासात वर्षाअखेर यश ५६ टक्के भरले, आणि तेही यशाचा निकष अधिक सैल असताना.

सुटका 'कायमची' म्हणता न येण्याचे एक कारण विकारातच आहे. दार उघडले तरी मधुमेहाने किंवा पूर्वीच्या शस्त्रक्रियेने दुखावलेल्या नसा आणि जठराच्या भिंतीची मंदावलेली हालचाल पूर्ववत होत नाही. शिवाय जठर किती वेळात रिकामे होते आणि रुग्णाला मळमळ किती होते, यांचा मेळ दर वेळी बसत नाही. जठर किती रिकामे झाले हे मोजणाऱ्या चार तासांच्या स्कॅनचा अहवाल सुधारूनही उलट्या न थांबलेले रुग्ण आम्ही पाहतो.

दुसरे कारण हिशेबाचे आहे. तिसऱ्या वर्षी तपासणीला न आलेले रुग्ण बरे होऊन घरी बसले की कंटाळून दुसरीकडे गेले, हे ठाऊक नसताना उरलेल्यांचीच टक्केवारी काढली, तर ती फुगण्याची शक्यता असते. म्हणून या विषयावरील पुढील लेखात टक्केवारीसोबत ती किती महिन्यांनंतरची, कोणत्या निकषाची आणि सुरुवातीच्या किती रुग्णांपैकी कितींची, हेही छापावे, ही विनंती.

आपला,
एक पोटविकारतज्ज्ञ वाचक