३०४ च्या काकूंना, चार्ज मोजून घेतल्याबद्दल

ती. काकू,
सा. न. वि. वि.

ही चिठ्ठी तुमच्या दाराखालून सरकवता आली असती, एक मजला तर वर चढायचा. पण मुद्दाम उघड लिहितेय. कॅनडात व्हँकुव्हरजवळच्या सरे, बर्नबी, कोक्विटलम इकडच्या स्ट्राटा इमारतींमध्ये (स्ट्राटा म्हणजे इथली फ्लॅटमालकांची सोसायटी) आपली बरीच माणसं राहतात, आणि मॅनेजमेंट कंपनी बदलायची वेळ आली की तीही माझ्यासारखीच गांगरत असणार. शिवाय तुम्हाला तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच विषय कढीपत्त्याच्या रोपावर नेता.

मी ठाण्याच्या सोसायटीत वाढले. तिथे सेक्रेटरी म्हणजे तळमजल्यावरचे काका. भांडायचं तर दोन जिने उतरून जायचं. इथे ब्रिटिश कोलंबियात फ्लॅट घेतला की आपण आपोआप स्ट्राटा कॉर्पोरेशनचे सभासद होतो, कौन्सिलही निवडतो, पण हिशोब, फीची वसुली, विमा, प्लंबरला फोन हे सगळं बहुतेक ठिकाणी एखादी लायसन्सवाली कंपनी बघते. आपल्या जुन्या कंपनीने दोन वर्षांत चार मॅनेजर बदलले. पार्किंगमधल्या गळतीखाली ठेवलेल्या बादलीवर कुणीतरी मार्करने ‘हॅपी बर्थडे, १ वर्ष’ असं लिहिलं, त्या दिवशी कौन्सिलने ठरवलं की आता बास.

ठरवणं सोपं होतं. कंपनीला दोन महिन्यांची नोटीस देऊन करार मोडता येतो, पण त्याआधी मालकांच्या सभेत पडलेल्या मतांपैकी तीन चतुर्थांश मतं बाजूने लागतात. आपल्याकडे वार्षिक सभेला कोरमचीच मारामार. ६८ घरांतून एक तृतीयांश माणसं जमेपर्यंत चहा गार होतो. मी ईमेल पाठवत बसले. तुम्ही गुडघ्याला पट्टा बांधून जिन्याने मजले पालथे घातलेत, आणि ज्यांना येणं जमणार नव्हतं त्यांच्याकडून प्रॉक्सीवर, म्हणजे त्यांच्या वतीने दुसऱ्याने मत द्यायच्या पत्रावर, सह्या घेतल्यात. ४६ मतं पडली, ३९ बाजूने. विरोधातल्या सातांपैकी एकाला तुम्ही दुसऱ्या दिवशी साबुदाण्याची खिचडी दिलीत, हे मला त्यांनीच सांगितलं.

पण मला आभार मानायचेत ते त्यानंतरच्या महिन्याबद्दल.

करार संपला की जुन्या कंपनीने चार आठवड्यांत सगळं दप्तर परत द्यायचं, असा कायदा आहे. सव्विसाव्या दिवशी अकरा खोकी आणि एक पेनड्राइव्ह आला. मी रात्रपाळी करून आलेले, डोळे मिटत होते. आणणारा मुलगा ‘इथे सही करा’ म्हणाला आणि मी पेन उचललं. लॉबीत टपाल घ्यायला आलेल्या तुम्ही म्हणालात, “थांब गं. चार्ज असा घेतात होय?”

सांगलीतल्या बँकेत तुमची एकतीस वर्षं गेली, त्यातली निम्मी कॅशमध्ये. तिजोरीचा चार्ज घेताना देणारा कितीही सज्जन असला तरी नोट न् नोट मोजायची, कमी निघालं तर ते सही करणाऱ्याच्या अंगावर, हे तुम्ही मला लिफ्टसमोर उभ्या उभ्या सांगितलंत. त्या मुलाला पाणी दिलंत, आणि पावतीवर माझ्याकडून ‘अकरा खोकी मिळाली, आतलं तपासलेलं नाही’ एवढंच लिहून घेतलंत. पुढे दोनदा आम्हाला त्या ओळीने वाचवलं.

पार्टी रूममधल्या टेबल टेनिसच्या टेबलावर आपण चार संध्याकाळी बसलो. कायद्यात स्ट्राटाने कोणती कागदपत्रं ठेवायची याची यादी आहे, ती मी छापून आणली. तुम्ही लाल पेनने खुणा करत गेलात: सभांची इतिवृत्तं, बायलॉज, मालकांची यादी, करार, विम्याचे कागद, डेप्रिसिएशन रिपोर्ट (इमारतीत काय कधी दुरुस्तीला येईल आणि किती खर्च येईल याचा अंदाज), बँकेची स्टेटमेंट्स. प्रत्येक ओळीखाली ती पिवळी लाकडी फूटपट्टी. मी म्हटलं, एक्सेलमध्ये होईल. तुम्ही म्हणालात, “होईल की. आधी मला दिसू दे.”

आणि दिसलं. ऑपरेटिंग (नेहमीच्या खर्चाचा) आणि कंटिंजन्सी (मोठ्या किंवा अचानक खर्चासाठी राखलेला) या दोन फंडांची खाती वेगळी असतात. लिफ्टच्या दुरुस्तीचं एकच बिल दोन्ही खात्यांतून भागवलेलं होतं, १,१२० डॉलर. तारखांत तीन आठवड्यांचं अंतर, म्हणून कुणाच्या नजरेत भरलं नव्हतं. जुन्या कंपनीने चूक मान्य करून पैसे परत केले, हेही नोंदवते, नाहीतर तुम्ही रागवाल.

पार्किंगच्या जागांची यादी मात्र कुठल्याच खोक्यात नव्हती. मला ती किरकोळ वाटली होती. पण फ्लॅट विकताना लागणाऱ्या फॉर्म बीमध्ये पार्किंग आणि स्टोरेज लॉकर कुणाचा ते लिहावं लागतं, फॉर्म मागितल्यापासून आठवड्यात द्यावा लागतो, आणि चौथ्या मजल्यावरच्या जोडप्याचा सौदा तेव्हा अगदी तोंडावर आलेला. नातवाची टॉर्च घेऊन तुम्ही दोन्ही बेसमेंट फिरलात. ४१ नंबरच्या जागेवर दोघांचा हक्क निघाला! प्रत्येकाकडून घर घेतानाचे कागद मागवून तो गुंता सुटला. नव्या कंपनीच्या मॅनेजरने तुमच्या हस्तलिखित यादीची झेरॉक्स काढून घेतली आणि विचारलं, या ऑडिटर कुठल्या फर्मच्या?

लॉबीतले दोन शनिवार तर सगळ्यांनीच पाहिले. नव्या कंपनीचं चार पानी पत्र तुम्ही तीन ओळींवर आणलंत: बँकेतून नवा डेबिट फॉर्म आणा, जुन्या कंपनीची परवानगी रद्द करा, एक तारखेनंतर पासबुक बघा. (इथे पासबुक कुणाकडे नसतं, पण सगळ्यांना समजलं.) दुसऱ्या मजल्यावरच्या बीजींशी तुमची सांगलीची हिंदी आणि त्यांची पंजाबी अशी काही जुळली की फॉर्म भरून झाल्यावरही दोघी तासभर तिथेच. आणि इतकं करून पुढच्या महिन्यात कुणाच्या खात्यातून फी दोनदा गेली? माझ्याच. कौन्सिलच्या सेक्रेटरीच्या. जुनी परवानगी रद्द करायची मीच विसरले होते. तुम्ही हसला नाहीत. मागे वळून हसलात, ते मला लिफ्टच्या आरशात दिसलं.

आता थंडीपुरत्या तुम्ही सांगलीला निघालात. काल किल्ली देताना बाल्कनीतल्या कुंड्यांची यादी दिलीत आणि खाली सहीसाठी जागा सोडलीत. कुंड्या सात लिहिल्या आहेत. मोजल्या. सहाच आहेत. सातवीतला कढीपत्ता तुम्ही आधीच आत स्वयंपाकघरात नेऊन ठेवलाय, तो सापडल्यावरच सही केली.

तुमची,
२०७