ई ३३० वर अन्याय

पाकीटबंद पदार्थांतील मिश्रकांवरचा रविवारचा लेख वाचला. त्यातल्या ‘कर्करोगकारक’ यादीत ई ३३० पाहून हसावे की रडावे, कळेना. ई ३३० हा वेष्टनावरचा संकेतांक म्हणजे सायट्रिक आम्ल. रसायनशास्त्रज्ञ शेले यांनी १७८४ मध्ये लिंबाच्या रसातून वेगळे केलेले तेच हे. जॅम घट्ट व्हायला ते मदत करते, तेलातले लोह-तांब्याचे अंश बांधून ठेवून खवटपणा लांबवते आणि चिरलेली फळे लवकर काळी पडू देत नाही. आपल्या पेशीही अन्नातून ऊर्जा मिळवताना ते सतत तयार करतात. पेशींतल्या या क्रियांचे चक्र जीवरसायनशास्त्रज्ञ हान्स क्रेब्ज यांच्या नावाने ओळखले जाते, आणि जर्मन भाषेत ‘क्रेब्ज’ म्हणजे कर्करोग! १९७६ च्या सुमारास फ्रान्समध्ये फिरलेल्या एका बनावट पत्रकाने ई ३३० ला धोकादायक ठरवले, ते बहुधा याच नामसाधर्म्यातून. तीच अफवा इतक्या वर्षांनी लेखात यावी, हे खटकते.

आक्षेप घ्यायचाच तर दातांवरून घ्यायला हवा होता. आंबट पेये दिवसभर घोट घोट पीत राहिल्यास दातांवरचे कवच झिजते. लेखात त्याबद्दल एक ओळही नाही.

– एक वाचक