पाय मांडीवर घेणाऱ्या सिस्टरांना

माननीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या नावानिशी लिहिता आले असते तर मला अधिक समाधान वाटले असते. परंतु “माझे नाव कुठे छापायला देऊ नका हं, बाई,” असे तुम्ही मला घरी सोडण्याच्या दिवशीच बजावले होते. म्हणून मिरजेच्या एका रुग्णालयातील सर्जरी वॉर्डच्या सिस्टर, एवढ्या ओळखीवरच भागवते. तुमच्या हाताखालून गेलेले रुग्ण तुम्हाला बरोबर ओळखतील.

माझी सारी नोकरी फळ्यासमोर उभे राहून झाली. विज्ञान हा माझा विषय. रक्ताभिसरणाचा धडा आला की मी एखाद्या मुलाच्या दंडाला रुमाल बांधून त्याच्या हातावरच्या शिरा फुगवून दाखवत असे, आणि नीलांमध्ये झडपा असतात, त्या रक्ताला हृदयाकडे जाऊ देतात पण मागे फिरू देत नाहीत, हे विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये याच साध्या प्रयोगाने जगाला कसे पटवले, ते रंगवून सांगत असे. तो धडा शिकवणाऱ्या बाईच्या डाव्या पायातल्या झडपा मात्र निकामी होत चालल्या होत्या. पोटरीवर शिरांची वेटोळी उठली, संध्याकाळी पाय जड होऊन ठणकू लागला, घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी खाजून खाजून काळी पडली, आणि शेवटी तिथेच एक जखम झाली, जी काही केल्या भरेना.

या काळात मी डॉक्टरांकडे गेले नाही असे नाही. एका डॉक्टरांनी इसब म्हणून मलम दिले, आणि ते संपले की दुसरे दिले. दुसऱ्यांनी मी खुर्चीवर बसलेली असताना, साडीचा काठ घोट्यावर घ्यायलाही न सांगता, “वयोमानाने व्हायचेच” असे म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या. एका मोठ्या शहरातल्या चकचकीत दवाखान्यात माझा पाय पाहण्याआधी पॅकेजची किंमत सांगण्यात आली. लेझरने शीर आतल्या आत बंद करण्याची पद्धत चांगली आहे आणि अनेकांना तिचा गुण येतो, हे मला ठाऊक आहे. माझी तक्रार त्या पद्धतीबद्दल नाही, रुग्णाला उभे करून पायाकडे एकदा नजर टाकण्याइतकीही तसदी न घेणाऱ्यांबद्दल आहे. पण या सर्वांपेक्षा मनाला जास्त लागले ते एका ठिकाणी ड्रेसिंग करताना घडलेले. पट्टी सुटताच तिथल्या माणसाने तोंड फिरवले आणि दारातल्या मुलाला मोठ्याने सांगितले, “ती खिडकी उघड रे आधी.” बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्यांनी ते ऐकले. त्यानंतर मी लग्नकार्याला जाणेही बंद केले होते, कारण आपल्या पायाला वास येतो की काय, ही शंका पंगतीत बसल्यावर घास घशाखाली उतरू देत नसे.

तुमच्याकडच्या सर्जनसाहेबांनी मात्र पहिल्याच भेटीत मला उभे केले, शिरांतले रक्त कसे वाहते ते दाखवणारी डॉपलर तपासणीही उभ्यानेच करवून घेतली आणि जांघेतली मुख्य झडप गळते आहे हे समजावून सांगितले. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी ते पेन घेऊन जमिनीवर बसले आणि मला उभी ठेवून फुगलेल्या शिरांचा माग पायावर रेखाटत गेले, कारण आडवे झाल्यावर त्या शिरा रिकाम्या होतात आणि मग टेबलावर सापडत नाहीत. शस्त्रक्रियेबद्दल मी फार लिहिणार नाही. कमरेत इंजेक्शन दिले होते, पाय माझा राहिलाच नव्हता. जांघेत शीर बांधली, गुडघ्यापर्यंतची खराब शीर काढून टाकली, आणि पोटरीवर बारीक छेद घेऊन बाकीची वेटोळी उपसली, एवढे मला नंतर कळले. साहेबांचे आभार मी त्यांना समक्ष भेटून मानले आहेत. हे पत्र तुमच्यासाठी आहे.

दुसऱ्या दिवशी क्रेप बँडेज सोडून शिरांवर दाब ठेवणारा घट्ट, मांडीपर्यंतचा मोजा घालायची वेळ आली तेव्हा तुम्ही आलात. मी पाय पुढे केला नाही. जखम अजून ओली होती आणि खिडकी बंद होती. तुम्ही काही न बोलता स्टूल ओढलेत, मांडीवर टॉवेल पसरलात आणि माझी टाच धरून माझे पाऊल सरळ आपल्या मांडीवर ठेवलेत. मी दचकून म्हटले, “अहो सिस्टर, पाय लागतोय तुम्हाला!” त्यावर तुम्ही मान वर न करता म्हणालात, “लागू द्या. मांडीवर घेतल्याशिवाय टाच नीट बसत नाही.” मग ड्रेसिंग झाल्यावर तुम्ही गुळगुळीत प्लास्टिकची एक पिशवी माझ्या पावलावर चढवलीत, मोजा टाचेपर्यंत उलटा करून तिच्यावरून सरकवलात, टाच टाचेत बसल्याची खात्री करून तो हळूहळू वर उलगडत नेलात, गुडघ्यामागची घडी तळव्याने पुसून काढलीत (“इथे वळी पडली तर ती दोरीसारखी आवळते”), आणि शेवटी बोटांकडच्या उघड्या टोकातून ती पिशवी अलगद ओढून घेतलीत. तुमचा चेहरा या सगळ्या वेळात माझ्या जखमेपासून हातभर अंतरावर होता आणि त्याच्यावरची एक रेषाही हलली नाही.

तेवढ्यावर तुम्ही थांबला असतात तरी मी तुमची ऋणी राहिले असते. पण तुम्ही मोजा पुन्हा काढलात, दाराशी उभ्या असलेल्या आमच्या यजमानांकडे वळलात आणि म्हणालात, “काका, आता तुम्ही घालून दाखवा.” आमच्या घरातल्या रीतीभाती तुम्हाला माहीत असण्याचे कारण नाही, पण अंदाज तुम्हाला असणारच. संसारात या गृहस्थांनी माझ्या पावलाला कधी हात लावलेला नाही; माझा पाय चुकून त्यांना लागला तर मीच वाकून नमस्कार करायचा, असे आमच्याकडचे वळण. त्यांनी इकडे तिकडे पाहिले, घरी सुनेला सांगतो असे काहीतरी पुटपुटले. तुम्ही आवाज न चढवता विचारलेत, “सून नोकरीला जाते ना? सकाळी पलंगावरून खाली उतरायच्या आधी मोजा चढायला हवा, एकदा पायावर सूज आली की उपयोग नाही. मग त्या वेळी घरात कोण असतं?” ते स्टुलावर बसले. टॉवेल त्यांच्या मांडीवर तुम्ही पसरलात. पहिल्या वेळी टाच वाकडी बसली तेव्हा तुम्ही हसला नाहीत, शेजारच्या खाटेवरच्या मावशी मात्र तोंडाला पदर लावून हसल्या, आणि तुम्ही त्यांनाही डोळ्यांनीच गप्प केलेत. दुसऱ्या वेळी बरोबर बसली. “जमलं की,” असे म्हणून तुम्ही पुढच्या खाटेकडे निघून गेलात.

घरी आल्यानंतरचे दिवस सोपे नव्हते, पण घाबरण्यासारखेही नव्हते, कारण काय काय होईल ते तुम्ही आधीच सांगून ठेवले होते. मांडीची आतली बाजू जांभळी झाली, मग हिरवट, मग पिवळी; नडगीच्या आतल्या अंगाला बधिरपणा आला, तिथली नस शिरेला लागूनच जाते म्हणून तो काही काळ राहू शकतो, हे माहीत असल्यामुळे मी रात्री कोणाला फोन केले नाहीत. पलंगाच्या पायथ्याखाली विटा ठेवल्या. पाय लोंबकळत ठेवून बसायचे नाही, एका जागी फार वेळ उभे राहायचे नाही, चालायचे मात्र भरपूर, कारण पोटरीचे स्नायू आवळले की तेच रक्ताला वर ढकलतात. हे सगळे पाळले. ओट्यापाशी उभे राहणे बंद झाल्यामुळे सकाळचा चहाही यजमानांकडे गेला आहे, आणि तो पिण्यासारखा होतो, हे येथे नमूद करते. जखम आठवड्यामागून आठवडे आक्रसत गेली आणि आता तिथे फक्त गुळगुळीत, पातळ कातडी आहे. काळा डाग राहील, असे साहेबांनी सांगितले आहे. त्वचेत झिरपलेल्या रक्तातले लोह सहजासहजी निघत नाही. राहू दे.

माझ्या शिक्षकी पेशात मी सौजन्यावर पुष्कळ भाषणे ऐकली आणि केलीही. गोड बोलणे, हसून स्वागत करणे, भिंतीवर ‘रुग्णसेवा हीच ईश्वरसेवा’ अशी पाटी लावणे, हे सगळे त्या खिडकी उघडायला सांगणाऱ्या ठिकाणीही होते; गणपतीच्या तसबिरीशेजारीच ती पाटी होती. तुम्ही त्या दिवशी माझ्याशी फारसे गोड बोललाही नाहीत. कामात होतात, थोड्या करड्याच होतात. पण दुसऱ्याच्या दुखऱ्या अंगाची शिसारी न मानणे, आणि त्याला जे लाजिरवाणे वाटते त्यात आपल्याला लाज वाटण्यासारखे काहीच दिसत नाही हे न बोलता पटवणे, ही फार थोड्यांना साधणारी गोष्ट आहे. ती कोणत्या अभ्यासक्रमात शिकवतात मला ठाऊक नाही. आमच्या डी.एड.ला तरी नव्हती, आणि वर्गात अंगाला वास येतो म्हणून शेवटच्या बाकावर एकटी बसवलेली पोरे पाहिलेली असल्यामुळे, ती तिथे असायला हवी होती असे मला आता प्रकर्षाने वाटते.

तुमच्या वॉर्डात नर्सिंगच्या विद्यार्थिनी येतात. त्यांना मोजा चढवण्याचा पाठ तुमच्या हातूनच मिळावा, अशी विनंती करणारे वेगळे पत्र मी मेट्रनबाईंना पाठवले आहे. तुम्हाला न विचारता पाठवले, त्याबद्दल रागावू नका; त्यातही तुमचे नाव नाही, फक्त खाटेचा क्रमांक आहे.

मोज्याची पकड आता सैल झाली आहे आणि नवा जोड मापाने घ्यायचा असल्याने पुढच्या आठवड्यात आम्ही दोघे येत आहोत. मापे सकाळीच घ्यायची असतात, हे यजमानांनीच मला बजावून सांगितले, म्हणून पहाटेच्या एसटीने निघू.

आपली कृतज्ञ,
एक निवृत्त शिक्षिका,
तासगाव तालुका